रक्तवाहिन्यांच्या दाहातील पेशीजन्य सूक्ष्मकण आणि पीएचडी संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशींपासून सुटणारे सूक्ष्मकण आणि रक्तवाहिन्यांचा दाह या विषयात पीएचडी करू इच्छिणारे, नुकतीच नोंदणी केलेले आणि पहिल्या वर्षाच्या प्रयोगांत अडकलेले विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण या क्षेत्रात कामाचा बराचसा वेळ ज्या गोष्टींत जातो त्या गोष्टींचे वर्णन शोधनिबंधात जेमतेम दोन ओळींत उरकलेले असते.

पेशीजन्य सूक्ष्मकण म्हणजे नेमके काय?

पेशी उद्दीपित झाली, तिच्यावर ताण आला किंवा ती मरणाच्या वाटेला लागली, की तिच्या बाह्य आवरणाला फुगवटे येतात आणि ते आवरणासकट सुटून बाहेर पडतात. साधारण १०० ते १००० नॅनोमीटर व्यासाच्या अशा कणांना सूक्ष्मकण किंवा मायक्रोपार्टिकल म्हणतात. त्यांना केंद्रक नसते आणि त्यांची संख्या विभाजनाने वाढत नाही; परंतु ज्या पेशीपासून ते निघाले तिच्या पृष्ठभागावरची प्रथिने, आवरणातील मेद आणि आतील आरएनए व एन्झाइम यांचा काही अंश ते सोबत घेऊन जातात. रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, पांढऱ्या व तांबड्या पेशी आणि रक्तवाहिनीच्या आतील एकपदरी थर असलेले एंडोथेलियम, या सर्वांपासून असे कण सुटतात.

कण सुटण्याची क्रिया बऱ्यापैकी उलगडलेली आहे. विश्रांतीच्या अवस्थेत फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेद आवरणाच्या आतल्या पदरात राखला जातो. पेशीतील कॅल्शियम वाढले की त्याला आत ठेवणारी यंत्रणा थंडावते, स्क्रॅम्ब्लेज प्रकारचे प्रथिन दोन्ही पदरांची सरमिसळ करते, कॅल्पेनसारखी एन्झाइम आवरणाखालचा सांगाडा कापतात आणि फुगवटा मोकळा होतो. ही साखळी प्रत्यक्षात महत्त्वाची आहे याचा सर्वांत बोलका पुरावा स्कॉट सिंड्रोम या दुर्मीळ रक्तस्रावी विकारातून मिळतो. त्यात स्क्रॅम्ब्लेजचे काम करणारे टीएमईएम१६एफ हे प्रथिन सदोष असते, उद्दीपित बिंबिकांना फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर काढता येत नाही, सूक्ष्मकण कमी सुटतात आणि रुग्णाचे रक्त नीट गोठत नाही.

विषय नवा वाटला तरी त्याचे मूळ जुने आहे. चारगाफ आणि वेस्ट यांनी १९४६ मध्ये दाखवले की पेशी काढून टाकलेला प्लाझ्मा अतिवेगाने फिरवला तर तो गोठायला जास्त वेळ लागतो आणि खाली बसलेल्या गाळात गोठण्याला चालना देणारा घटक असतो. पीटर वुल्फ यांनी १९६७ मध्ये या गाळातील बिंबिकाजन्य कणांचे वर्णन ‘प्लेटलेट डस्ट’ असे केले. पुढील कित्येक वर्षे बहुतेकांनी त्याकडे पेशींची धूळ म्हणूनच पाहिले.

रक्तवाहिन्यांच्या दाहाशी या कणांचा संबंध कसा येतो?

संबंध दुहेरी आहे आणि प्रबंधाची मांडणी करताना दोन्ही दिशा वेगळ्या ठेवणे आवश्यक असते.

पहिली दिशा अशी की दाहामुळे कण वाढतात. एंडोथेलियल पेशींना टीएनएफ-अल्फा हे दाहकारक प्रथिन दिले तर त्या सूक्ष्मकण सोडू लागतात. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, कावासाकी आजार, स्वतःच्याच न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींविरुद्ध तयार होणाऱ्या एएनसीए प्रतिपिंडांशी निगडित रक्तवाहिनीदाह, तीव्र हृदयविकार, मधुमेह अशा अनेक अवस्थांत निरनिराळ्या पेशींचे कण रक्तात वाढलेले आढळतात. एएनसीए प्रतिपिंडे न्यूट्रोफिल पेशींना चेतवतात तेव्हा त्यांच्यापासून सुटलेल्या कणांवर मायलोपेरॉक्सिडेज आणि प्रोटीनेज-३, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध ती प्रतिपिंडे तयार झालेली असतात तीच प्रथिने, दिसतात.

दुसरी दिशा अशी की कणांमुळे दाह वाढतो. पांढऱ्या पेशींपासून मिळवलेले सूक्ष्मकण एंडोथेलियमवर टाकल्यास त्यातून इंटरल्यूकिन-६ हे दाहकारक प्रथिन स्रवते आणि रक्त गोठण्याची सुरुवात करून देणारा टिश्यू फॅक्टर प्रकट होतो, हे १९९० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले गेले. २००१ साली हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांच्या रक्तातील कण उंदीरवर्गीय प्राण्याच्या महाधमनीच्या तुकड्याबरोबर ठेवण्यात आले, तेव्हा त्या धमनीची एंडोथेलियमवर अवलंबून असलेली शिथिल होण्याची क्षमता घटली. हृदयरोग नसलेल्यांच्या कणांनी तसे घडले नाही. बिंबिकांचे कण सांध्यांतील दाहाला खतपाणी घालतात, हे २०१० मध्ये संधिवाताच्या संदर्भात पुढे आले. याशिवाय फॉस्फॅटिडिलसेरीनचा ऋणभारित पृष्ठभाग गोठण्याच्या घटकांना एकत्र यायला जागा देतो. त्यामुळे दाह आणि रक्तगुठळी या दोन प्रक्रिया या कणांच्या पृष्ठभागावर एकमेकींना भेटतात.

मात्र सगळेच कण दाहकारक असतात असे समजू नये. न्यूट्रोफिलपासून सुटलेल्या काही कणांवर अॅनेक्सिन-ए१ हे दाह शमवणारे प्रथिन असते आणि ते न्यूट्रोफिलना एंडोथेलियमला चिकटू देत नाहीत, हे २००८ मध्ये प्रकाशित झाले. कण कोणत्या पेशीचा आहे, ती पेशी कशामुळे चेतली होती आणि तो कोणाला जाऊन भिडला, यावर परिणामाची दिशा ठरते. ‘सूक्ष्मकण दाह वाढवतात’ असे सरसकट वाक्य संशोधन आराखड्याच्या पहिल्याच परिच्छेदात दिसले की परीक्षकाच्या भुवया उंचावतात, आणि त्या उंचावणे योग्यच आहे.

मग हे कण आजाराचे कारण मानायचे की परिणाम?

हा या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न असून चांगला प्रबंध बहुधा याच्याच एखाद्या कोपऱ्याचे उत्तर देतो. रुग्णांत कण वाढलेले आढळले एवढ्यावरून त्यांनी आजार घडवला असे म्हणणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे होऊ शकते, कारण एंडोथेलियमला इजा झाली की कण सुटणारच. कारणत्वाकडे सरकायचे असेल तर कण काढून टाकल्यावर परिणाम नाहीसा होतो का, कणांवरील विशिष्ट रेणू रोखल्यावर तो कमी होतो का, मात्रा वाढवल्यावर वाढतो का, आणि वापरलेली मात्रा रुग्णाच्या रक्तात प्रत्यक्ष आढळणाऱ्या प्रमाणाच्या आसपास आहे का, हे चारही तपासावे लागतात. शेवटच्या मुद्द्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. रक्तात कधीही न आढळणाऱ्या प्रमाणात कण ओतले तर पेशी काही ना काही प्रतिक्रिया देणारच.

प्रबंधात मायक्रोपार्टिकल म्हणावे की एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल?

या विषयातील आंतरराष्ट्रीय संघटनेच्या (इंटरनॅशनल सोसायटी फॉर एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्स) मायसेव्ह या मार्गदर्शक सूचना २०१४, २०१८ आणि २०२३ अशा तीन आवृत्त्यांत आल्या आहेत. त्यांची शिफारस अशी की कणाचा जन्म पेशीच्या कोणत्या भागात झाला हे सिद्ध केलेले नसेल तर ‘एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल’ (ईव्ही), म्हणजे पेशीबाहेरील पुटिका, हे छत्रनाम वापरावे आणि पुढे आकार, पृष्ठप्रथिन किंवा मूळ पेशी यांचा उल्लेख करावा. पेशीच्या आतील पुटिकांमधून बाहेर येणारे एक्सोसोम आणि आवरणापासून सुटणारे सूक्ष्मकण यांच्या आकारमर्यादा एकमेकींत मिसळतात, त्यामुळे निव्वळ आकारावरून जन्मस्थान ठरत नाही. जुने वाङ्मय शोधताना मात्र मायक्रोपार्टिकल, मायक्रोव्हेसिकल आणि एक्टोसोम हे तिन्ही शब्द टाकावेत, अन्यथा निम्मे काम नजरेतून सुटेल.

कोणत्या शाखेच्या विद्यार्थ्यांना हा विषय घेता येतो?

जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान, शरीरक्रियाशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र, वैद्यक, तसेच भौतिकशास्त्र किंवा जैवअभियांत्रिकी यांपैकी कोणतीही पार्श्वभूमी चालते. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला रुग्ण समजतो पण प्रकाशाचे विकिरण कळायला वेळ लागतो. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याचे बरोबर उलटे असते. दोघांनाही रक्त गोठण्याची जैवरसायनिकी मुळापासून शिकावी लागते.

पहिल्या वर्षात प्रत्यक्षात काय शिकवले जाते?

रक्त कसे घ्यावे, हे. उत्तर ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो, परंतु या क्षेत्रातील प्रशिक्षणाचा गाभा हाच आहे. आपण जे कण मोजतो ते रुग्णाच्या शरीरात होते की आपल्या सुईत, नळीत आणि सेंट्रिफ्यूजमध्ये तयार झाले, या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही तर पुढचे सगळे निष्कर्ष वाऱ्यावर सुटतात.

बारीक सुईतून जोराने ओढलेल्या रक्तात बिंबिका चेततात, म्हणून साधारणपणे २१ गेजची किंवा त्याहून जाड सुई वापरतात. दंडाला बांधलेला पट्टा सैल ठेवतात आणि शक्य तितक्या लवकर सोडतात. शीर टोचताना बाहेर पडणारा टिश्यू फॅक्टर नमुन्यात येऊ नये म्हणून पहिली नळी बाजूला ठेवली जाते. नळीत रक्त गोठू न देणारे सायट्रेट असते. ती हलक्या हाताने उलटीसुलटी करायची, जोराने हलवायची नाही, आणि वाहून नेताना उभीच ठेवायची. नमुना थंड केला तर बिंबिका चेततात, म्हणून तो खोलीच्या तापमानाला ठेवून लवकरात लवकर, शक्यतो दोन तासांच्या आत, पुढच्या टप्प्यावर न्यायचा.

त्यानंतर २५०० जी वेगाने, म्हणजे गुरुत्वबलाच्या २५०० पट बल पडेल अशा वेगाने, १५ मिनिटे असे दोनदा फिरवण्याची पद्धत रुळलेली आहे, कारण एकदा फिरवलेल्या प्लाझ्मात बिंबिका उरतात. या टप्प्याचे महत्त्व नमुना गोठवल्यावर कळते. उरलेल्या बिंबिका उणे ८० अंशांवरून वितळताना फुटतात आणि त्यांचे तुकडे आकाराने व पृष्ठप्रथिनांनी अस्सल बिंबिकाजन्य कणांसारखेच दिसतात. पहिल्या फेरीनंतर वरचा प्लाझ्मा उचलताना तळाच्या थरापासून साधारण एक सेंटिमीटर वर थांबायचे असते. पिपेटचे टोक त्या धूसर थराला पुसटसे जरी लागले तरी ती नळी बाद करायची. नवख्या विद्यार्थ्याला एवढा प्लाझ्मा वाया घालवणे जिवावर येते, आणि म्हणूनच हा टप्पा कुणाच्या तरी देखरेखीखाली हाताला वळण लागेपर्यंत करावा लागतो. सेंट्रिफ्यूजचा ब्रेकही बंद ठेवतात, नाहीतर थांबतानाच्या धक्क्याने बसलेला थर उठतो.

नोंदवहीत वेग नेहमी जी या एककात लिहावा. मिनिटाला किती फेरे हे लिहून उपयोग नाही, कारण रोटर बदलला की त्याच फेऱ्यांना बल वेगळे पडते.

फ्लो सायटोमीटरवर सूक्ष्मकण मोजता येतात, तर तेवढे पुरेसे नाही का?

फ्लो सायटोमीटर हे यंत्र कणांना लेसर किरणातून पुढे सरकवते आणि त्यांनी विखुरलेला प्रकाश व त्यांना चिकटलेल्या रंगीत प्रतिपिंडांची चमक मोजते. या पद्धतीला, म्हणजे फ्लो सायटोमेट्रीला, पर्याय नाही, कारण कण कोणत्या पेशीचा हे एकेका कणाच्या पातळीवर सांगणारी तेवढी रुळलेली दुसरी पद्धत नाही. बिंबिकांसाठी सीडी४१ किंवा सीडी४२बी, पांढऱ्या पेशींसाठी सीडी४५, त्यांच्यापैकी मोनोसाइटसाठी सीडी१४, न्यूट्रोफिलसाठी सीडी६६बी, तांबड्या पेशींसाठी सीडी२३५ए आणि एंडोथेलियमसाठी सीडी१४४, सीडी१४६ किंवा सीडी६२ई अशी खूणप्रथिने वापरली जातात. सीडी३१ हे एंडोथेलियम आणि बिंबिका दोन्हींवर असते. म्हणून ते एकटे वापरून चालत नाही, सीडी४१ नसलेले आणि सीडी३१ असलेले असा दुहेरी निकष लावावा लागतो. सीडी६२ई हे चेतलेल्या एंडोथेलियमवर दिसते, त्यामुळे दाहाच्या अभ्यासात त्याला वेगळे मोल आहे.

अडचण अशी की बहुतेक जुनी यंत्रे पेशी मोजण्यासाठी बनवलेली आहेत. ३०० ते ५०० नॅनोमीटरपेक्षा लहान कण त्यांच्या नजरेतून निसटतात, आणि रक्तातील बहुसंख्य कण त्या मर्यादेच्या खालीच असतात. शिवाय आकार ठरवण्यासाठी वापरले जाणारे पॉलिस्टायरीनचे मणी प्रकाश फार जास्त विखुरतात. त्यांचा अपवर्तनांक सुमारे १.५९ असतो, तर आवरणवेष्टित कणांचा साधारण १.४ च्या आसपास. परिणामी ५०० नॅनोमीटरच्या मण्याइतका प्रकाश देणारा सूक्ष्मकण प्रत्यक्षात त्याहून बराच मोठा असतो. ‘आम्ही ०.५ ते १ मायक्रोमीटरचे कण मोजले’ असे विधान लिहिण्यापूर्वी हा फरक लक्षात घेतला आहे की नाही, हे परीक्षक हमखास विचारतात.

दुसरी अडचण गर्दीची आहे. नमुना दाट असेल तर किरणातून एकाच वेळी अनेक बारीक कण जातात आणि यंत्र त्यांना मिळून एक मोठा कण समजते. नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करत गेल्यावर संख्या त्याच प्रमाणात घटते, पण प्रत्येक कणाची चमक तीच राहते, असे दिसले तर मोजणी विश्वासार्ह मानावी. चमकही घटू लागली तर गर्दी आहे असे समजावे.

आणि तिसरी, जी शिकवल्याशिवाय सहसा लक्षात येत नाही. फॉस्फॅटिडिलसेरीन ओळखणारे अॅनेक्सिन-व्ही हे प्रथिन कॅल्शियमशिवाय चिकटत नाही, म्हणून सायट्रेटयुक्त प्लाझ्मात कॅल्शियम घालावे लागते. ते जर फॉस्फेटयुक्त द्रावणात घातले तर कॅल्शियम फॉस्फेटचे अतिसूक्ष्म स्फटिक तयार होतात, सायटोमीटर ते कण म्हणून मोजतो, आणि आलेख मोठा देखणा दिसतो. फॉस्फेटऐवजी हेपेसयुक्त द्रावण घेतले की हे कण नाहीसे होतात. अशा फसवणुकीविरुद्ध सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे डिटर्जंटची चाचणी. ट्रायटनसारखा डिटर्जंट थोडा घातला की आवरणवेष्टित कण विरघळतात. जे उरते ते प्रतिपिंडांचे गोळे किंवा इतर कचरा असतो. ही चाचणी, नमुना नसलेले नुसते द्रावण आणि प्रतिपिंड नसलेला नमुना, या तीन तुलना प्रत्येक प्रयोगात असाव्यात. कोणत्या बाबी नोंदवाव्यात याची मिफ्लोसाइट-ईव्ही नावाची चौकट २०२० मध्ये प्रसिद्ध झाली आहे. प्रबंधाचे परिशिष्ट तिच्यानुसार बांधल्यास पुष्कळ प्रश्न आधीच मिटतात.

इतर कोणत्या पद्धती शिकाव्या लागतात?

कणांच्या ब्राउनियन हालचालीवरून आकार काढणारे नॅनोपार्टिकल ट्रॅकिंग, छिद्रातून जाताना विद्युतरोधात होणारा बदल मोजणारी पद्धत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी, विशिष्ट प्रथिने ओळखणारी वेस्टर्न ब्लॉट पद्धत आणि गोठण्याच्या क्षमतेच्या चाचण्या, यांपैकी किमान दोन फ्लो सायटोमेट्रीच्या जोडीला असाव्यात. ट्रॅकिंगला कण आणि मेदाचा थेंब यांतला फरक कळत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

प्लाझ्मातून कण वेगळे करताना काय अडचणी येतात?

मोठे कण खाली बसवण्यासाठी साधारण २०,००० जी आणि लहान कणांसाठी १,००,००० जी असे वेग वापरले जातात. त्यांच्याबरोबर प्रथिनांचे पुंजकेही बसतात आणि कण एकमेकांना चिकटतात. आकारानुसार वेगळे करणारा क्रोमॅटोग्राफीचा स्तंभ वापरला तर मोकळी प्रथिने बरीच मागे राहतात, परंतु रक्तातून मेद वाहून नेणारे लायपोप्रोटीन कण सोबत येतात. त्यांच्यापैकी कायलोमायक्रॉन आणि व्हीएलडीएल हे आकाराने कणांशी मिळतेजुळते असतात, तर एचडीएल घनतेने. रक्तात लायपोप्रोटीनची संख्या सूक्ष्मकणांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असल्याने, रक्तवाहिन्यांच्या दाहाचा अभ्यास करणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. लायपोप्रोटीन स्वतःच एंडोथेलियमवर परिणाम करतात. म्हणून रक्त उपाशीपोटी घ्यावे आणि शुद्ध केलेल्या नमुन्यात लायपोप्रोटीनचा प्रथिनांश, म्हणजे अॅपोलायपोप्रोटीन, किती उरले ते मोजून नोंदवावे. परिपूर्ण शुद्धतेचा दावा कुणीच करू नये. किती अशुद्धता आहे हे सांगणे पुरेसे आणि अधिक प्रामाणिक असते.

पेशीसंवर्धनातील प्रयोग कसे आखावेत?

नाळेच्या शिरेतून मिळवलेल्या मानवी एंडोथेलियल पेशी, ज्यांना प्रयोगशाळेत सर्वजण ह्यूवेक म्हणतात, या कामात सर्वाधिक वापरल्या जातात. त्या सुरुवातीच्या मोजक्या पिढ्यांतच वापराव्यात, कारण पुढे त्यांचा स्वभाव पालटतो. वाढीच्या माध्यमातील गाईच्या सीरममध्ये गाईचेच असंख्य कण असतात. ते १,००,००० जी वेगाने रात्रभर फिरवून काढल्याखेरीज आपल्या पेशींचे कण मोजण्यात अर्थ नाही.

प्रयोगाची सर्वसाधारण रचना अशी असते की एका पेशीला टीएनएफ-अल्फा किंवा लायपोपॉलिसॅकराइड या जिवाणूंच्या एंडोटॉक्सिनने चेतवायचे, तिचे कण गोळा करायचे आणि दुसऱ्या, शांत एंडोथेलियमवर टाकून पांढऱ्या पेशींना चिकटवून घेणारी आयकॅम-१ व व्हीकॅम-१ ही प्रथिने, दाहकारक इंटरल्यूकिन-८ किंवा मोनोसाइट चिकटण्याचे प्रमाण मोजायचे. येथे एक जुना सापळा आहे. कणांसोबत मूळ उद्दीपकही थोडा वाहून आला तर एंडोथेलियम त्यालाच प्रतिसाद देते आणि श्रेय कणांना मिळते. तो टाळण्यासाठी पेशींविना फक्त माध्यम आणि उद्दीपक घेऊन त्यांना कण गोळा करण्याच्या सर्व पायऱ्यांतून न्यायचे आणि जे उरेल ते एंडोथेलियमवर टाकून पाहायचे. कण खाली बसवल्यानंतरचे वरचे द्रावण टाकूनही पाहावे. परिणाम त्यातच दिसत असेल तर तो कणांचा नव्हे. एंडोटॉक्सिनचे प्रमाण स्वतंत्रपणे मोजावे.

शक्य असेल तेथे पेशी प्रवाहाखाली वाढवाव्यात. धमनीच्या सरळ भागातील एकसारखा प्रवाह एंडोथेलियमला शांत राखतो, तर फांद्या फुटतात तेथील मंद किंवा उलटसुलट प्रवाह त्याला दाहाकडे झुकवतो, आणि कण सुटण्याचे प्रमाणही त्यानुसार बदलते. स्थिर ताटलीत मिळालेला निष्कर्ष रक्तवाहिनीत तसाच लागू होईल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

प्राण्यांवरील प्रयोग आवश्यक आहेत का?

प्रश्नावर अवलंबून आहे. कण शरीरात किती वेळ टिकतात, यकृत आणि प्लीहा त्यांना किती झपाट्याने रक्तातून काढून घेतात, हे ताटलीत कळत नाही. परंतु मानवी कण प्राण्याच्या रक्तात सोडल्यास प्रजातीभेदामुळे वेगळाच प्रतिसाद मिळू शकतो. संबंधित प्राणी-नैतिकता समितीची मान्यता आणि प्रशिक्षण घेतल्याशिवाय हे काम सुरू करता येत नाही, आणि त्यासाठी लागणारा काळ वेळापत्रकात आधीच धरावा.

रुग्णांचे नमुने घेताना कोणती काळजी घ्यावी?

नैतिकता समितीची मान्यता, रुग्णाची माहितीपूर्ण लेखी संमती आणि नमुन्याला सांकेतिक क्रमांक देणे या अटी सर्वत्र असतात. शास्त्रीय दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी व्यक्तींचे नमुने त्याच वेळी, त्याच प्रकारच्या नळीत, त्याच हाताने आणि तेवढ्याच विलंबाने हाताळले गेले पाहिजेत. रुग्णांचे रक्त वॉर्डातून दोन मजले उतरून तासाभराने येते आणि सहकाऱ्याचे रक्त बाजूच्या टेबलावर घेतले जाते, अशा स्थितीत दोन गटांत दिसणारा फरक आजाराचा की जिन्याचा, हे सांगता येत नाही. वय, लिंग, धूम्रपान, अलीकडचा व्यायाम, तसेच स्टॅटिन व अॅस्पिरिनसारखी औषधे यांची नोंद ठेवावी. मानवी रक्त हाताळण्यापूर्वी हिपॅटायटिस-बीची लस घेतलेली असावी.

संख्याशास्त्राची तयारी किती लागते?

वाटते त्यापेक्षा जास्त. कणांची संख्या व्यक्तीगणिक प्रचंड बदलते आणि तिचे वितरण सहसा एका बाजूला लांबलेले असते, त्यामुळे लॉगरिदम घेऊन किंवा वितरणमुक्त कसोट्या वापरून काम करावे लागते. सर्वांत सामान्य चूक म्हणजे एकाच दात्याच्या रक्ताचे अनेक कप्पे भरून प्रत्येक कप्पा स्वतंत्र निरीक्षण मानणे. दाते तीन असतील तर नमुनासंख्या तीनच असते, कप्पे कितीही असोत. किती दाते लागतील याचे गणित प्रयोगाआधी संख्याशास्त्रज्ञाबरोबर बसून करावे. निकाल हाती आल्यावर त्यांच्याकडे जाणाऱ्यांना सहसा फक्त सहानुभूती मिळते.

मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा निवडताना काय पाहावे?

शोधनिबंधांची यादी पाहण्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात. रक्त घेण्यापासून गोठवण्यापर्यंतची लेखी कार्यपद्धती आहे का आणि ती शेवटची कधी सुधारली. सायटोमीटरचे अंशांकन कोण व किती वेळा करते. आणि आधीच्या विद्यार्थ्याचे निष्कर्ष नंतरच्या विद्यार्थ्याला पुन्हा मिळाले का. तिसऱ्या प्रश्नावर मोकळेपणाने बोलणारी प्रयोगशाळा मिळाली तर यंत्रे थोडी जुनी असली तरी चालेल, असे माझे मत आहे. रुग्णालयातील डॉक्टर सहमार्गदर्शक म्हणून असतील तर नमुन्यांची सोय आणि प्रश्नाचा नेमकेपणा दोन्ही सुधारतात. एकट्या प्रयोगशाळेत सगळी तंत्रे नसतात, म्हणून दुसऱ्या गटात काही आठवडे राहून एखादे तंत्र शिकण्याची मुभा आहे का, तेही विचारावे.

प्रबंधाचा विषय किती नेमका असावा?

एक मूळ पेशी, एक लक्ष्यपेशी आणि एक परिणाम, एवढी मर्यादा सुरुवातीला पुरते. उदाहरणार्थ, ‘चेतलेल्या मोनोसाइटचे सूक्ष्मकण प्रवाहाखालील एंडोथेलियममध्ये व्हीकॅम-१ वाढवतात का, आणि त्यासाठी कणांवरील इंटरल्यूकिन-१ बीटा आवश्यक आहे का’ हा प्रश्न तीन-चार वर्षांत उत्तर देता येण्याजोगा आहे. ‘रक्तवाहिनीदाहात सूक्ष्मकणांची भूमिका’ हे मथळ्यासाठी ठीक आहे, कामाच्या आराखड्यासाठी नाही.

अपेक्षेविरुद्ध निष्कर्ष आले तर पीएचडी धोक्यात येते का?

तुलनेचे नमुने चोख असतील तर येत नाही. एखाद्या गटाने पूर्वी नोंदवलेला परिणाम उद्दीपक वाहून आल्यामुळे दिसत होता, हे दाखवणारा प्रबंध या क्षेत्रात मोलाचा ठरतो. प्रयोगाचे तपशील जाहीरपणे नोंदवण्यासाठी २०१७ पासून ईव्ही-ट्रॅक हे खुले व्यासपीठ उपलब्ध आहे. आपली पद्धत तेथे नोंदवल्यास नकारात्मक निष्कर्षाकडेही वाचक गांभीर्याने पाहतात. परिणाम दिसला नाही आणि पद्धतही चालते की नाही हे तपासलेले नाही, अशी अवस्था मात्र खरोखर अडचणीची असते. म्हणून ज्यात परिणाम दिसायलाच हवा असा एक खात्रीचा नमुना प्रत्येक प्रयोगात ठेवावा.

सूक्ष्मकणांची चाचणी रुग्णांसाठी उपलब्ध आहे का, आणि पीएचडीनंतर कोणत्या वाटा आहेत?

रक्तवाहिन्यांच्या दाहाचे निदान करण्यासाठी किंवा उपचार ठरवण्यासाठी सूक्ष्मकणांची मोजणी नेहमीच्या वैद्यकीय व्यवहारात रुळलेली नाही, कारण दोन प्रयोगशाळांत एकाच नमुन्याचे आकडे जुळवणे अजून कठीण जाते. त्यामुळेच प्रमाणीकरण, संदर्भ नमुने आणि यंत्रांचे अंशांकन या कामांना मागणी आहे. विद्यापीठातील संशोधनाबरोबरच निदान उपकरणे बनवणारे उद्योग, रक्तपेढ्यांमधील गुणवत्ता नियंत्रण आणि औषधांच्या सुरक्षितता-चाचण्या या ठिकाणी फ्लो सायटोमेट्रीची सखोल जाण असलेल्या माणसांना स्थान मिळते. साठवलेल्या रक्ताच्या पिशवीत दिवसागणिक तांबड्या पेशींचे कण वाढत जातात आणि रक्त चढवल्यानंतरच्या दाहाशी त्यांचा संबंध तपासला जात आहे. ज्याला प्रबंधाचे कौशल्य थेट रुग्णसेवेच्या जवळ न्यायचे आहे, त्याने या शाखेकडे आवर्जून पाहावे.